१०२४ खणांचे कपाट

कलकत्त्यात १८९७ साली पोलिसांनी बोटांच्या ठशांचे स्वतंत्र केंद्र सुरू केले. जगातल्या अगदी पहिल्या अशा केंद्रांपैकी हे एक. तिथली सगळी मांडणी एका हिशेबावर उभी होती: ३२ उभ्या आणि ३२ आडव्या ओळी, एकूण १०२४ खण. पकडलेला माणूस नाव, गाव, बापाचे नाव सगळे खोटे सांगो; त्याच्या दहा बोटांचे ठसे घेतले की त्याची जुनी पत्रिका कोणत्या खणात असेल ते कारकून काही मिनिटांत सांगू शके. ही पद्धत पुढे जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून गेली. तिचे गणित मात्र बंगाल पोलिसांतल्या दोन फौजदारांचे होते: काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस.

ठसे घेण्याची कल्पना त्याआधीच बंगालमध्ये रुजली होती. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराने पुढे ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये, म्हणून त्याने त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा कागदामागे उमटवून घेतला. नंतर हर्शेलला या रेषांचा ध्यास लागला. स्वतःचे आणि ओळखीच्यांचे ठसे तो वर्षानुवर्षे घेत राहिला आणि वयाबरोबर रेषा बदलत नाहीत याची त्याची खात्री पटली. १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने पेन्शन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी ठसे सुरू केले. मेलेल्या पेन्शनरच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलण्याला त्यामुळे आळा बसू लागला.

अडचण होती ती शोधण्याची. समोर दोन ठसे असतील तर ते जुळतात की नाही हे जाणकार सांगेल. पण हजारो पत्रिकांच्या ढिगातून नेमकी एक काढायची कशी? तेव्हा पोलीस पॅरिसच्या बर्तियाँची पद्धत वापरत. डोके, हात, पाऊल यांची मापे घ्यायची आणि त्यावरून माणूस ओळखायचा. पण माप घेणारा बदलला की आकडे बदलत. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ च्या पुस्तकात ठशांचे कमान, फास आणि चक्र असे तीन प्रकार पाडले. तरी मोठ्या संग्रहासाठी ते पुरेना, कारण बहुतेक बोटांवर फासच निघतात.

बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांना हा प्रश्न सुटायला हवा होता. त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातून गणितात हुशार विद्यार्थी मागितला आणि खुलन्याकडचे हक पोलिसांत आले. त्यांनी शोधलेली वाट साधी आहे. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या, उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न: चक्र आहे की नाही? पहिल्या जोडीतल्या चक्राची किंमत १६, दुसरीतल्याची ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. जोडीतल्या दुसऱ्या बोटांची बेरीज वर, पहिल्या बोटांची खाली, आणि दोन्हींत एकेक मिळवायचा.

वाचकाने आपलीच बोटे उजेडात धरून पाहावीत. समजा उजवा अंगठा, उजवी तर्जनी आणि डावी अनामिका यांवर चक्रे आहेत. तर्जनी जोडीतले दुसरे बोट, तिचे १६ वर. अंगठा आणि अनामिका आपापल्या जोडीतली पहिली, त्यांचे १६ आणि १ खाली. एकेक मिळवला की १७/१८. अशा माणसाची पत्रिका १७ आणि १८ या ओळी जिथे छेदतात त्याच खणात जाणार. एकही चक्र नसेल तर १/१, दहाही असतील तर ३२/३२. गच्च भरणाऱ्या खणांसाठी पुढे फासांतल्या रेषा मोजून पोटविभाग पाडले गेले. बोस यांनी या वर्गीकरणात भर घातली आणि ठशाचे वर्णन तारेने कळवता येईल अशी सांकेतिक पद्धत बसवली.

हे केंद्र सुरू होऊन थोडेच महिने झाले होते, तेव्हा जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पेटीतला ऐवज गेला होता. पेटीत एक बंगाली पंचांग होते आणि त्यावर रक्ताचा पुसट डाग. तो डाग केंद्रातल्या एका पत्रिकेवरच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. ती पत्रिका व्यवस्थापकाच्याच जुन्या नोकराची होती. चोरीसाठी तो आधी शिक्षा भोगून आला होता. १८९८ साली कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनातून सोडले. ठशावरून त्याचा हात पंचांगाला लागला हे सिद्ध होत होते. सुरी कोणी चालवली ते नव्हे. ठशाच्या पुराव्याने कुठपर्यंत बोलावे, हे त्या निकालात स्वच्छ दिसते. पुढच्याच वर्षी पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचे मत कोर्टात ग्राह्य ठरले.

घटनास्थळावरचा ठसा, पोलिसांच्या बोलीत चान्स प्रिंट, क्वचितच डोळ्यांना दिसतो. बोटांच्या रेषांवर घामाची छिद्रे असतात; तो घाम आणि चेहऱ्या-केसांचा तेलकटपणा मिळून वस्तूवर रेषांची नक्कल उमटते. काचेवर किंवा कपाटाच्या दारावर तज्ज्ञ मऊ ब्रशने हलकेच पावडर फिरवतो, फिक्या पृष्ठभागावर काळी आणि गडदवर पांढरी. रेषा उठल्या की आधी फोटो, मग पारदर्शक टेपने उचल. ब्रश जरा जोरात लागला की रेषा पुसल्या. कागदावर निनहायड्रिन लावतात; घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन ठसा जांभळा उमटतो. प्लॅस्टिकची वस्तू बंद पेटीत ठेवून तिला सुपरग्लूची वाफ देतात, म्हणजे रेषा पांढऱ्या होऊन घट्ट बसतात. मग भिंगाखाली रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, कुठे बेटासारखा तुकडा पडतो, हे एकेक करून जुळवले जाते.

या जुळवणीत माणूस चुकतो. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा असल्याचे एफबीआयच्या तज्ज्ञांनी छातीठोकपणे सांगितले. त्याला दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. स्पॅनिश पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे आढळले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. संग्रह जितका मोठा, तितके त्यात हुबेहूब भासणारे परके ठसे जास्त. शिवाय दुसऱ्या तपासनिसाला पहिल्याचे मत आधीच माहीत होते. २०११ साली अमेरिकेत १६९ तज्ज्ञांची पाहणी झाली. चुकीची जुळणी सुमारे हजारात एक निघाली, पण एकाच माणसाचे ठसे वेगळे ठरवण्याची चूक शेकडा साडेसात होती. पुरावा भक्कम आहे. अचूक मात्र नाही.

आज खणांची जागा संगणकाने घेतली आहे. २०२२ मध्ये देशपातळीवर ‘नाफिस’ ही ठशांची संगणकीय प्रणाली सुरू झाली. त्यात अटक झालेल्याच्या नोंदीला दहा अंकी क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात पुण्याला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे अंगुलीमुद्रा केंद्र आहे, आणि राज्य पोलिसांची ‘अँबिस’ प्रणाली बोटांबरोबर तळवे, चेहरा आणि डोळ्यांच्या नोंदीही शोधते. यंत्र जवळच्या ठशांची यादी देते. त्यातला कोणता आपला, की एकही नाही, हे तज्ज्ञाला ठरवावे लागते आणि साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला त्याची कारणे द्यावी लागतात.

हेन्री पुढे लंडनचे पोलीस आयुक्त झाले. १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात हीच पद्धत सुरू झाली. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर किताब मिळाले, ब्रिटनच्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने दोघांच्या नावाने पुरस्कारही ठेवला. आपल्याकडे मात्र ही नावे पोलीस प्रशिक्षणाबाहेर फारशी कोणाला माहीत नाहीत. शाळेत द्विमान अंक शिकवताना हक-बोस यांचे हे गणित सांगावे. मुलांना ते आपल्याच बोटांवर करून पाहता येईल. आणि ज्यांच्या हाती पंचनामा आहे त्यांनी जलपायगुडीचा निकाल जरूर वाचावा. हात कोणाचा लागला एवढेच ठसा सांगतो. पुढचा तपास पोलिसांनीच करायचा असतो.