टोल-फ्री क्रमांक आणि वैद्यक व्यवसाय

औषधांच्या वेष्टनांवर, विमा कंपन्यांच्या पत्रांवर आणि मोठ्या रुग्णालयांच्या फलकांवर १८०० किंवा १८६० या अंकांनी आरंभ होणारे दूरध्वनी क्रमांक आपण नेहमी पाहतो. आपल्या चिकित्सालयासाठीही असा क्रमांक घ्यावा काय, असा प्रश्न शिरूर व दौंड परिसरातील व्यवसायबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून या क्रमांकांचे स्वरूप येथे थोडक्यात मांडीत आहोत.

साधा स्थिर दूरध्वनी हा गावाशी बांधलेला असतो. शिरूरचा संकेतांक ०२१३८, तर दौंडचा ०२११७. १८०० च्या क्रमांकाला मात्र असे गाव नसते. तो फिरविला असता दूरसंचार यंत्रणा त्यामागे नोंदविलेला खरा क्रमांक शोधते आणि कॉल तेथे पोहोचविते. वेळ अथवा प्रदेश पाहून तोच कॉल निरनिराळ्या ठिकाणी वळविण्याची सोयही असते.

दोन्ही प्रकारांतील मुख्य भेद खर्चाचा आहे. १८०० वर कॉल करणाऱ्यास काहीही आकार पडत नाही. सर्व खर्च क्रमांकधारक सोसतो. १८६० मध्ये कॉल करणारा स्थानिक दराने आकार देतो व उरलेला भार क्रमांकधारकाकडे जातो. तेव्हा १८६० हा क्रमांक ‘मोफत’ नव्हे, हे रुग्णांना स्पष्ट सांगितले पाहिजे. मोबाइलच्या अमर्याद कॉलच्या योजनेतही त्यासाठी वेगळा आकार लागू शकतो. परदेशातून १८०० चा क्रमांक बहुधा लागत नाही. म्हणून बाहेरदेशी असणाऱ्या नातलगांसाठी साधा क्रमांकही द्यावा.

एके काळी एसटीडी कॉलचा खर्च रुग्णाला जड जाई, तेव्हा या सोयीचे मोल मोठे होते. १ मार्च २००६ रोजी भारत संचार निगमाच्या ‘वन इंडिया’ योजनेने देशभरातील कॉल मिनिटाला १ रुपयावर आणला. पुढे मोबाइलचे दर आणखी उतरले. आज मांडवगण फराट्याच्या रुग्णाने दौंडच्या वैद्यांना फोन करावयाचा झाल्यास अडसर पैशाचा क्वचितच असतो. अडसर असतो तो फोन न उचलला जाण्याचा.

विरेचनानंतर रुग्ण घरी जातो. पेया, विलेपी या संसर्जन क्रमाविषयी त्याला शंका येते, किंवा रात्री अतियोगाची लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी क्रमांक मोफत असूनही कोणी प्रतिसाद देत नसेल, तर त्याचा उपयोग काय? म्हणून एकट्या वैद्याने मासिक खर्चाचा १८०० क्रमांक घेण्यापेक्षा रुग्णपत्रिकेवर आपला नेहमीचा क्रमांक, फोनची वेळ आणि पर्यायी क्रमांक ठळक छापावा. आत्ययिक अवस्थेसाठी १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. तो क्रमांकही शेजारीच असावा. अनेक जिल्ह्यांत औषधे पुरविणाऱ्या औषधनिर्मात्यांना मात्र १८०० क्रमांक खचितच उपयुक्त ठरतो.

शेवटी एक सावधगिरी. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक १८०० ने सुरू होतो, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. क्रमांक वेष्टनावरून अथवा अधिकृत पत्रावरूनच घ्यावा, ओटीपी कोणासही सांगू नये, आणि फसवणूक झाल्यास १९३० वर तत्काळ कळवावे. हे चार शब्द आपण रुग्णांनाही आवर्जून सांगावेत.