जिऱ्याचा वास

अथेन्सच्या कैसारियानी वस्तीत रात्रीचे नऊ वाजले तरी जेवायला कोणी नाही! आमच्याकडे एव्हाना भांडी घासून झाली असती. मग मात्र फूटपाथवर टेबले मांडली गेली आणि सारी गल्लीच बाहेर आली. राळेच्या वासाची रेत्सिना मला काही रुचली नाही. पण टोमॅटोच्या रश्श्यातली 'सुत्झुकाकिया', म्हणजे लांबट खिमागोळे, तोंडात घातली मात्र, थबकलोच. जिरे! अगदी घरचे!

शेजारच्या आजीबाई हसल्या. १९२२ साली स्मिर्नाहून, म्हणजे आजच्या इझ्मिरहून, निर्वासित होऊन आलेल्या त्यांच्या आईची ही चव. "खोली एकच, माणसे नऊ. जेवायचे रस्त्यावरच," नातवाकरवी त्या म्हणाल्या आणि आपल्या बशीतला एक गोळा माझ्या बशीत सरकवला.