सॉफ्टबॉलमधील फलंदाजी : बॅटच्या मार्गाचा चेंडूच्या उड्डाणावर होणारा परिणाम

प्रस्तावना :
सॉफ्टबॉल या खेळाचा उगम १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सॉफ्टबॉलला पदक-खेळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातही शालेय व आंतरमहाविद्यालयीन स्तरावर हा खेळ खेळला जातो. मात्र फलंदाजीचे मार्गदर्शन करताना दोन परस्परविरोधी सूचना वारंवार दिल्या जातात. ‘बॅट वरून खाली आणा’ ही पहिली आणि ‘चेंडू उचलून मारा’ ही दुसरी. या दोन्ही सूचनांत बॅटचा विचार आहे; पण चेंडू कोणत्या कोनातून येतो, याचा विचार नाही. बॅटचा मार्ग चेंडूच्या मार्गाशी जुळणे का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

चेंडूचा येण्याचा मार्ग :
बेसबॉलमध्ये पिचर उंचवट्यावरून व खांद्यावरून चेंडू फेकतो. सॉफ्टबॉलमध्ये असा उंचवटा नसतो व चेंडू कमरेच्या पातळीवरून, हात खालून फिरवून सोडला जातो. महिलांच्या फास्टपिच प्रकारात पिचिंगचे अंतर ४३ फूट म्हणजे १३.११ मीटर असते. पिचरने पुढे टाकलेले पाऊल लक्षात घेता चेंडूचा प्रत्यक्ष प्रवास सुमारे ११.६ मीटरचा होतो. चेंडूचा वेग ताशी ९६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मीटर मानल्यास हा प्रवास सुमारे ०.४३ सेकंदात पूर्ण होतो. एवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षणामुळे चेंडू सुमारे ०.९ मीटर खाली खेचला जातो. म्हणून सुटला त्याच उंचीवर पोहोचणारा चेंडू आरंभी किंचित वर जातो आणि होम प्लेटजवळ सुमारे ४ ते ५ अंशांच्या उताराने खाली येतो.

चेंडूच्या फिरकीनुसार हा उतार बदलतो. ‘ड्रॉप’ चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी असल्याने तो अधिक उताराने येतो. ‘राइज’ चेंडूला उलट फिरकी असते. त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो व फलंदाजाला वर चढल्यासारखा भासतो. छातीच्या उंचीवर येणाऱ्या अशा चेंडूचा मार्ग जवळजवळ क्षितिजसमांतर असतो.

आघातबिंदू आणि उड्डाणाचा कोन :
बॅटवरून निघणाऱ्या चेंडूचा कोन प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असतो. आघाताच्या क्षणी बॅट कोणत्या कोनात पुढे जात आहे, ही पहिली गोष्ट. बॅटचा मध्य चेंडूच्या मध्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे, ही दुसरी. चेंडूचा परीघ १२ इंच असल्याने त्याची त्रिज्या सुमारे ४.८५ सेंटीमीटर भरते. बॅटचा कमाल व्यास २.२५ इंच असल्याने तिची त्रिज्या सुमारे २.८५ सेंटीमीटर होते. दोन्ही मिळून आघातसमयी मध्यांतील अंतर ७.७ सेंटीमीटर असते. यावरून मध्यांत १ सेंटीमीटरचा फरक पडल्यास आघाताची दिशा सुमारे साडेसात अंशांनी कलते, असे गणिताने दिसून येते. घर्षण व फिरकी यांमुळे प्रत्यक्ष कोनात थोडाफार फरक पडतो; परंतु मूळ प्रमाण हेच राहते.

मेजर लीग बेसबॉलमध्ये २०१५ पासून वापरात असलेल्या स्टॅटकास्ट प्रणालीच्या वर्गीकरणानुसार १० ते २५ अंशांच्या फटक्याला ‘लाइन ड्राइव्ह’ म्हणतात. बॅट ५ अंशांनी वर जात असेल व चेंडूच्या मध्याच्या १ ते २ सेंटीमीटर खाली लागली, तर उड्डाणाचा कोन साधारणतः याच मर्यादेत येतो. मध्याच्या खाली बसलेल्या फटक्याने चेंडूला उलट फिरकी मिळते व मॅग्नस परिणामामुळे तो अधिक काळ हवेत राहतो. मध्याच्या वर बसलेल्या फटक्याने पुढची फिरकी मिळून चेंडू लवकर खाली येतो.

वेळेची चूक आणि बॅटचा मार्ग :
बॅटच्या मार्गाचे खरे महत्त्व वेळेची चूक झाल्यावर स्पष्ट होते. येणारा चेंडू ५ अंशांनी खाली येत असेल व बॅट ५ अंशांनी वर जात असेल, तर दोघांचे मार्ग एकाच रेषेत येतात. फलंदाजाला थोडा उशीर किंवा घाई झाली तरी बॅट चेंडूच्या रेषेतच राहते. याउलट बॅट १० अंशांनी खाली येत असेल, तर दोन्ही मार्ग १५ अंशांत एकमेकांना छेदतात.

बॅटचा वेग सेकंदाला २५ मीटर व चेंडूचा २७ मीटर मानल्यास, वेळेतील केवळ एक शतांश सेकंदाच्या चुकीने आघातबिंदू सुमारे १३ सेंटीमीटर पुढे किंवा मागे सरकतो. मार्ग जुळलेले असतील तर या सरकण्याने मध्यांत फरक पडत नाही. परंतु मार्ग १५ अंशांत छेदत असतील तर सुमारे ३.५ सेंटीमीटरचा फरक पडतो व आघाताची दिशा सुमारे २७ अंशांनी बदलते. चुकीचे प्रमाण तेवढेच असूनही एक फलंदाज लाइन ड्राइव्ह मारतो, तर दुसरा सोपा झेल देतो.

चुकांवरून दोषनिदान :
वरील विवेचनावरून प्रशिक्षकाला उपयुक्त असे अनुमान काढता येते. बॅट तीव्रतेने खाली आणणाऱ्या फलंदाजाला उशीर झाल्यास बॅट चेंडूच्या वर लागते व फटका जमिनीलगत जातो. घाई झाल्यास बॅट चेंडूखाली जाऊन उंच झेल उडतो. बॅट वाजवीपेक्षा जास्त वर उचलणाऱ्याच्या बाबतीत नेमके उलट घडते. त्याला उशीर झाल्यास झेल उडतो आणि घाई झाल्यास चेंडू जमिनीवर आपटतो. म्हणून केवळ ‘झेल उडाला’ एवढ्यावरून दोष ठरवू नये. झेल उडाला तेव्हा फलंदाज वेळेच्या आधी होता की नंतर, हे पाहावे. झेल देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ‘बॅट खाली आणा’ असे सांगितल्यास, ज्याची बॅट आधीच खाली येत आहे त्याचा दोष अधिकच वाढतो.

‘सपाट स्विंग’ या शब्दाचाही नेमका अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. बॅट जमिनीला समांतर धरणे आणि बॅटचा मार्ग चेंडूच्या मार्गाशी जुळणे या दोन भिन्न गोष्टी होत. खालच्या चेंडूवर बॅटचे टोक हातांच्या खाली असणे स्वाभाविक आहे. क्रिकेटमधून आलेल्या खेळाडूंकडे हा फरक विशेष लक्षपूर्वक पाहावा लागतो. कारण तेथे चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो आणि बॅटचा मार्गही भिन्न असतो.

अपवाद :
सॉफ्टबॉलमध्ये बेसमधील अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटरच असते. त्यामुळे डावखुरी, वेगवान खेळाडू धावत येत ‘स्लॅप’ फटका मारते, तेव्हा ती हेतुपुरस्सर चेंडू जमिनीवर मारते. तिचे उद्दिष्ट पहिला बेस गाठणे हे असल्याने तिच्यासाठी खाली येणारा मार्ग योग्य ठरतो.

निष्कर्ष :
बॅट खाली आणणे किंवा वर उचलणे, यांपैकी कोणतीही एक सूचना सर्व खेळाडूंना लागू पडत नाही. येणाऱ्या चेंडूचा उतार ओळखून त्याच्याशी जुळणारा, सामान्य चेंडूसाठी किंचित वर जाणारा मार्ग फलंदाजाला वेळेच्या चुकीपासून संरक्षण देतो. राइज चेंडूसाठी हा मार्ग अधिक सपाट, तर ड्रॉप चेंडूसाठी थोडा अधिक चढता असावा. मोबाइलवरील संथगती चित्रण बाजूने घेतल्यास हा कोन साध्या मैदानावरही तपासता येतो. प्रशिक्षकांनी फटक्याच्या परिणामाबरोबर त्याची वेळही नोंदविल्यास खेळाडूचा दोष अचूकपणे ओळखता येईल.