मागण्याआधी पोचणारा आधार

एखाद्याचं संकट उलटून गेलं, की आपल्याकडे हमखास ऐकू येतं : ‘एवढं सगळं झालं आणि एका शब्दानं सांगितलं नाहीस?’ विचारणाऱ्याच्या मनात माया असते. समोरचा मात्र एवढंच म्हणतो, ‘तुम्हाला कशाला उगाच त्रास!’ आधाराची गरज होती, देणारी माणसंही होती. अडलं ते मागण्यापाशी. याला केवळ ज्याचा त्याचा स्वभाव जबाबदार नसतो. दुःख कुणापुढे आणि कसं मांडायचं, याचे अलिखित नियम प्रत्येक समाज आपल्या माणसांना लहानपणापासून शिकवत असतो.

मागण्याची किंमत

शेली टेलर, हीजंग किम आणि डेव्हिड शर्मन या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञांनी या नियमांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या २००४ सालच्या संशोधनात दिसलं, की आशियाई आणि आशियाई वंशाचे अमेरिकी लोक ताणाच्या प्रसंगी जवळच्यांकडे मदत कमी मागतात. युरोपीय वंशाचे अमेरिकी जास्त मागतात. कारणं शोधताना नात्यांची काळजी पुढे आली. आपल्यामुळे इतरांना घोर लागेल, आपसांतला सलोखा बिघडेल, चारचौघांत मान खाली जाईल, ही ती भीती. मुलगा अमेरिकेत असलेले पुण्यातले आईवडील शस्त्रक्रिया उरकल्यावर त्याला फोन करतात, तेव्हा त्यांच्या मनातही हीच काळजी असते.

२००७ मध्ये या गटाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना भाषण आणि तोंडी गणित अशी घाम फोडणारी कामं करायची होती. त्याआधी काहींनी जवळच्या माणसाला मदत आणि सल्ला मागणारं पत्र लिहिलं. काहींनी आपल्या जिवाभावाच्या माणसांबद्दल लिहिलं, अडचणीची वाच्यता न करता. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. ते लाळेतून मोजलं गेलं. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना उघड मदत मागण्यापेक्षा आपल्या माणसांची नुसती आठवण अधिक मानवली. युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांचं चित्र उलटं होतं.

हे निष्कर्ष सरासरीचे आहेत. त्यावरून कुणा एकाचं मन ओळखता येत नाही. पण मन मोकळं केलं की प्रत्येकाला सारखंच हलकं वाटतं, ही समजूत त्यातून डळमळते. मागण्याचाही ताण असतो, आणि काही समाजांत तो मूळ दुःखात भर घालतो.

सांत्वनाच्या तऱ्हा

देण्याच्या रीतीही अशाच वेगवेगळ्या. बिर्गिट कूपमान-होल्म आणि जीन त्साय यांनी २०१४ मध्ये अमेरिकी आणि जर्मन शोकपत्रांची तुलना मांडली. अमेरिकी पत्रांचा कल चांगल्या आठवणी आणि धीराचे शब्द यांकडे दिसला. जर्मन पत्रं वेदनेचा उल्लेख अधिक थेट करतात. ज्यू परंपरेत दफनानंतर सात दिवस लोक शोकाकुल घरी येऊन बसतात. घरच्यांनी बोलायला सुरुवात करेपर्यंत पाहुण्यांनी बोलू नये, असा तिथे संकेत आहे.

आपल्याकडे सुतकातल्या घरची चूल थंड असते, तेव्हा शेजारून पिठलं-भात येतो. वर्षाच्या आत दिवाळी आली, की त्या घरी फराळ करत नाहीत; नातलग आणि शेजारी डबे भरून आणून देतात. त्या डब्यासाठी कुणाला हात पसरावा लागत नाही. कधी द्यायचं, काय द्यायचं, हे रीतीनंच ठरवलेलं असतं, आणि म्हणून घेणाऱ्याला ओशाळं वाटत नाही.

बायकांच्या दुःखाला तर अशा वाटेची फारच गरज होती. पहाटे जात्यावर बसून त्यांनी सासुरवास, माहेरची ओढ, लेकीची काळजी ओवीत घातली. जात्याच्या खुंट्याला हात लावणारी दुसरी बाई ते ऐकत असे. कधी तिच्या तोंडूनही ओवी निघे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावोगावी अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. मग गिरणी आली, दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण मागावं न लागता ऐकून घेणारी ती बैठकही मोडली.

रीत जिथे थांबते

मृत्यूसाठी आपल्याजवळ रीत आहे. कर्ज, नवऱ्याची मारहाण, महिनोन्‌महिने न सरणारी उदासी यांच्यासाठी ती नाही. ही दुःखं झाकली जातात. चुकून उघडी पडली, तर ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढ्यावर बोळवण होते. अशा दुःखासाठी ऐकणारा कान मुद्दाम उभा करावा लागतो, आणि तो उपऱ्यासारखा वाटून चालत नाही.

झिंबाब्वेचे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना हाताशी धरून असं काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर प्रशिक्षित आजी बसते, समोरच्याचं ऐकते आणि अडचणींतली आधी कोणती सोडवायची, हे त्यालाच ठरवायला मदत करते. वडीलधाऱ्या बाईपाशी मन मोकळं करणं तिथे नवं नव्हतं. त्या जुन्या विश्वासाला उपचाराची शिस्त मिळाली. ५७३ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सहा महिन्यांनंतर बाकावर येणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं उरली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४९.९ टक्के होतं.

या कामाचा धागा आपल्या शेजारी, गोव्यापर्यंत येतो. डॉ. विक्रम पटेल यांनी १९९०च्या दशकात हरारेत संशोधन केलं आणि १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह गोव्यात ‘संगत’ ही संस्था स्थापन केली. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत मदत केली. २०१७ च्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के बरे झाले होते; ही मदत न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाचे कार्यकर्ते लोकांपर्यंत गेले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्केच लोक मदत घेत होते. ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. रुग्ण येण्याची वाट न पाहता मदत गावात पोचली, याचं हे फळ आहे.

पहिलं पाऊल कुणाचं

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य आपण मनापासून म्हणतो. पण त्यानं मागण्याचं ओझं पुन्हा दुःखी माणसावरच पडतं. ‘उद्या दवाखान्यात मी बरोबर येतो’, ‘मुलांना संध्याकाळी आमच्याकडे ठेवते’ असं नेमकं बोलावं. भेटायला जावं, बसावं, सल्ल्याची घाई करू नये. बोलणं निघालं तर पूर्ण ऐकावं. दुःख आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तो फोन लावताना शेजारी बसणं हाही आधारच.

जो आधीच खचला आहे, त्याच्याकडूनच बोलण्याच्या धैर्याची अपेक्षा धरणं अन्याय आहे. ज्याच्या पायांत आज बळ आहे, त्यानं आधी चालत जावं.