मोगऱ्याला थोडी तहान लागू द्या

गोंदियातील आमच्या अंगणात वजूच्या नळाशेजारी अम्मींनी लावलेला मोगरा आहे. पाने हिरवीगार, फांद्या कुंपणाच्या वर गेलेल्या. पण तीन उन्हाळे गेले तरी एक कळी नाही. शेजारणी म्हणाल्या, उपटून टाका, नर्सरीतून दुसरा आणा. अम्मी ऐकेनात. पूर्वी याच झाडाच्या कळ्या त्या ओल्या रुमालात बांधून ठेवत आणि इशाच्या वेळी सारे घर दरवळत असे.

फूल येत नाही म्हटले की आपण खत घालतो. धानासाठी आणलेल्या युरियाच्या पोत्यातली एक मूठ आम्हीही दरवर्षी टाकत होतो. युरियातल्या नत्राने पाने वाढतात, कळ्या नव्हे. त्याहून मोठी चूक पाण्याची. वजूचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते थेट मोगऱ्याच्या आळ्यात सोडले होते. दिवसातून पाच वेळा, बारा महिने! नियत चांगली होती, पण आमच्याकडची कन्हार जमीन पाणी धरून ठेवते. झाडाला विसावा कधी मिळालाच नाही.

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येते. असे फुटवे एकदम, जोमाने यायचे तर आधी वाढ थांबावी लागते. विदर्भातले संत्रा बागायतदार बहारापूर्वी पाणी तोडून झाडाला ताण देतात, तोच हा प्रकार.

यावरून घरात थोडी कुरबुर झाली. “जिवंत रोपाला तहानलेले ठेवायचे, हा गुनाह नाही का?” अम्मींनी विचारले. “अम्मी, त्याचा रोजा समजा,” आम्ही म्हटले. त्या हसल्या, तरी एकदा गुपचूप तांब्याभर पाणी घालून आल्याच.

डिसेंबरच्या सुरुवातीला वजूचे पाणी नाली काढून केळीकडे वळवले. दोन-तीन आठवड्यांत मोगऱ्याची पाने पिवळी पडून गळू लागली. जीव घाबरला, पण हीच खूण असते. (कुंडीतल्या रोपाला इतका ताण सोसत नाही, माती वरून सुकली की चार-पाच दिवस थांबणे पुरे.) जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर छाटले, वाळक्या आणि बारीक काड्या काढल्या. छाटणी पाहून अम्मी दिवसभर बोलल्या नाहीत. मग माती हलकी चाळवून दोन घमेली कुजलेले शेणखत आणि मूठभर लाकडाची राख घातली आणि भरपूर पाणी दिले. युरिया बंद. त्यानंतर पाणी माती सुकेल तसेच.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत नडते, ती म्हणजे सावली. मोगऱ्याला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. आमच्या मोगऱ्यावर पेरूची एक फांदी आली होती, ती कापली.

फेब्रुवारीत लालसर कोंब फुटले आणि मार्चअखेर तीन-तीन कळ्यांचे झुपके दिसले. पहिल्या दिवशी मोजून अकरा कळ्या निघाल्या. अम्मींनी त्या दुपारीच खुडल्या, कारण टपोरी कळी झाडावर ठेवली तर संध्याकाळी उमलते आणि सकाळपर्यंत गळते. रुमाल तोच जुना होता.

फुले संपली की प्रत्येक शेंडा दोन पेरे खाली खुडावा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी पुन्हा एक बहर मिळतो. पाऊस लागला की आळे मोडून पाण्याला वाट करून द्यावी.