सारंगखेड्याचा घोडेबाजार: व्ह्यूज किती, सौदे किती?

आजच्या भागात घोड्यांबद्दल बोलायचंय, पण त्याहून जास्त बाजाराबद्दल.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीकाठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि सोबत घोड्यांचा बाजार. यात्रेला जोडूनच बाजार का? सोपं आहे. तिथी ठरलेली, त्यामुळे जाहिरात लागत नाही. राजस्थान-गुजरातचा व्यापारी असो की आपल्याकडचा शौकीन, सगळ्यांना तारीख पाठ. नदीकाठी जनावरांना पाणी मिळतं. आणि मार्गशीर्षात खरिपाचा माल विकून शेतकऱ्याच्या हातात पैसा आलेला असतो.

आता घोडा घेतात कसा? आधी तोंड उघडून दात बघतात. दुधाचे पुढचे दात अडीच वर्षांच्या आसपास पडायला लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत सगळे पक्के येतात. म्हणजे वयाचा दाखला तोंडातच! मग चाल, पाय, रंग. मारवाडी आणि काठियावाडी घोडा कानावरून ओळखू येतो, टोकं आत वळलेली असतात. नंतर अंगावरचे भोवरे. गळ्यावरचा 'देवमण' शुभ मानतात. ही श्रद्धा आहे, विज्ञान नाही, पण भाव मात्र त्यावरही हलतो.

जनावरांच्या बाजारातली जुनी पद्धत म्हणजे रुमालाखालचा सौदा. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या माणसाला भाव कळत नाही, म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाशी नव्यानं बोलता येतं.

आणि आज? दरवर्षी बातमी येते, 'अमुक कोटींचा घोडा सारंगखेड्यात दाखल!' थांबा जरा. ती मागितलेली किंमत असते, झालेला सौदा नाही. बऱ्याचदा मालकाला तो विकायचाही नसतो. नाव झालं की त्या घोड्यापासून शिंगरं घ्यायला घोडीवाले येतात, कमाई तिथून होते. मी ॲप बनवणारा माणूस, मला हे लगेच ओळखीचं वाटतं. व्ह्यूज वेगळे, ऑर्डर वेगळी.

हा बदल एकट्या मोबाईलनं नाही केला. यात्रेला 'चेतक फेस्टिव्हल' हे नाव मिळालं, घोड्यांच्या शर्यती, नाच, सौंदर्यस्पर्धा आल्या, पर्यटकांसाठी तंबूंची वसाहत उभी राहिली. राज्याच्या पर्यटन महामंडळानं २०१७ मध्ये या महोत्सवासाठी एका खासगी कंपनीशी करार केला. २०१९ मध्ये आर्थिक अनियमिततेचं कारण देत सरकारनं तो रद्दही केला. पण करार असो-नसो, दत्तजयंती येतेच आणि घोडेही येतातच.

मग पर्यटन वाईट का? नाही. टांगे गेले, घोड्यावरचा प्रवास गेला. लग्नाची वरात, नाच आणि शौक यावरच बाजार उभा आहे. बघ्यांमुळे हॉटेलवाला, चारावाला, खोगीर-लगाम विकणारा यांचं पोट भरतं. अडचण येते ती बघ्यांच्या गर्दीत घोडा पळवून दाखवायला जागाच उरत नाही तेव्हा. चाल बघितल्याशिवाय कोण पैसे मोजणार?

हे आपल्या दारातलंही आहे बरं का. शिरूर कासारला लागून असलेल्या पाथर्डी तालुक्यात मढी आहे. कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास तिथे गाढवांचा बाजार भरतो. वीटभट्टी आणि मातीकामाला गाढवं लागायची, ते काम ट्रॅक्टर-जेसीबीनं बरंचसं खाल्लं. आपल्याला रील गमतीशीर वाटते, पण समोरच्याचं वर्षाचं गणित त्या दोरीला बांधलेलं असतं.

म्हणून जाल तेव्हा एवढं करा. फोटोआधी विचारा. जनावराच्या मागे उभं राहू नका, लाथ बसते. सौदा चालू असेल तर बाजूला व्हा. आणि येताना तिथूनच काहीतरी विकत घ्या, निदान घुंगरांची एक माळ.

तुमच्या भागात असा बाजार भरत असेल तर आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!