घरचा केर, नाचणीचे खत

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके डोंगराळ आहेत. तेथे वरकस जमिनीत नाचणी व वरी आणि सखल खाचरांत भात पिकते. उतारावरील सुपीक माती दर पावसाळ्यात वाहून जात असल्याने या जमिनींस सेंद्रिय खताची फार गरज आहे. तरीही पुष्कळसे शेण व पालापाचोळा राब भाजण्यात खर्ची पडतो. राबाने तणांचे बी मरते व राखेतून पालाश मिळते, हे खरे. परंतु नत्र धुरावाटे निघून जाते. उघड्या उकिरड्यातील सत्त्वही पावसाने धुपते.

अशा टाकाऊ पदार्थांपासून कंपोस्ट करण्याची इंदूर पद्धत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. पुढे पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी जाळीदार भिंतींच्या हौदाची ‘नाडेप’ पद्धत प्रचारात आणली. दोन्हींचे मर्म एकच : केर कुजताना त्यास हवा व ओल मिळाली पाहिजे.

एका कुटुंबास विटांचा हौद आवश्यक नाही. उंचवट्यावर कारवीचा विरळ कूड उभारून पाच फूट लांब, चार फूट रुंद व तीन फूट उंच घेर करावा. खड्डा करू नये. पावसाळ्यात त्यात पाणी साचून हवा कोंडते. तळाशी जाड काटक्या घालाव्यात. त्यावर अर्धा फूट पाला, काड व भाजीची देठे पसरून शेणकाला शिंपडावा आणि मातीचा पातळ थर द्यावा. असे थर रचीत जावे. राख थोडीच टाकावी. अधिक राखेने शेणातील नत्र उडून जाते. काच व प्लॅस्टिक वेगळे साठवून भंगारवाल्यास द्यावे. प्लॅस्टिक चुलीत जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, म्हणून दिवाळीनंतर लगेच घेर भरावा. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी त्यावर ओतावे. मूठभर केर दाबला असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. महिन्याने ढीग उलथावा व वर पेंढा झाकावा. साधारण चार महिन्यांत काळसर, भुसभुशीत व मातीच्या वासाचे खत तयार होते.

शेतकरी बंधूंनी यंदा नाचणीच्या रोपांचा एकच वाफा न भाजता त्यास हे खत घालावे, वेळेवर तण काढावे आणि शेजारच्या राबातील रोपांशी तुलना करावी. निर्णय आपल्याच डोळ्यांनी करावा.